कोपर

लॅकवॉनात जानेवारी लागला की
लोक मरणसुद्धा तिकीट काढून बघतात.
मी दाराशी असतो. तिकीट फाडतो,
खेळ सुटला की खुर्च्यांखालच्या लाह्या झाडतो
आणि मतं ऐकतो.
मतं झाडता येत नाहीत.

शुक्रवारचा अकराचा खेळ. चाळीस वर्षांमागचा सिनेमा,
इथल्याच एका गाड्या विकणाऱ्यानं उसन्या कॅमेऱ्यावर काढलेला.
एक माणूस, एक सुरी, सात बायका.
गोष्ट म्हणाल तर एवढीच.

लॉयल म्हणाला, रक्त खोटं.
खरं रक्त बघता बघता काळं पडतं,
भट्टीवर असताना पाहिलंय मी.
हा तर साखरेचा पाक, तोही धड एकतारी नाही.
पैसे बुडाल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं.

फिलिस तळघराच्या प्रसंगातच बाहेर आलेली,
रुमाल तोंडाशी. मी पाणी दिलं.
"असलं काढणाऱ्याला आई-बहीण नव्हती का हो?"
घोटभर प्याली
आणि परत आत गेली.
शेवट कळायला नको?

कॉलेजातला एक पोरगा, गळ्यात लांब मफलर,
म्हणाला, हा बंद पडलेल्या कारखान्यांचा राग आहे,
सुरी हे निव्वळ निमित्त.
लॉयलनं त्याला खालून वर न्याहाळलं.
"कारखाना माझा बंद पडला, बाळ.
राग मलाही आला.
मी कुणाचा गळा नाही चिरला. मासे धरायला गेलो."

मग ड्वेन. त्याला चुका मोजायचा नाद.
घड्याळ या हातातून त्या हातात जातं,
मेलेली तिसरी श्वास घेते,
"आणि पाचव्या खुनात, स्वयंपाकघरात,
बाई कपाटावरून घसरत खाली येते ना,
तेव्हा पडद्याच्या डाव्या कडेला चक्क कुणाचं तरी कोपर!
करड्या स्वेटरचं. रफू केलेलं!"
सगळे खो खो हसले. मीही.

"माझ्या आईचं आहे ते,"
कोट चढवता चढवता जॅनिना ग्राबोव्स्की म्हणाली.

दिवसाला पंचवीस डॉलर भाड्यानं घर दिलं होतं म्हणे.
आई तिथून हलायला तयार नव्हती,
बशा फोडतील मेले म्हणून.
जॅनिना नऊ वर्षांची, माडीवर,
रेडिओ मोठ्यानं लावून निजायचा हुकूम.
भिंतीच्या कागदावर पिवळी नासपती होती.
ते घर पुढं रस्त्यात गेलं, फोटो पुरात.
तसे आईचे फोटो नव्हतेच फारसे,
कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची, लग्नातसुद्धा.

कुणाला काय बोलावं सुचेना.
ड्वेन बुटाच्या टोकानं एक लाही चिरडत राहिला.
शेवटी फिलिसनंच विचारलं, "आणि ती? ती पाचवी?"

"ती होय? टोलेडोहून बसनं आली होती.
दिवसभर थंड फरशीवर झोपवली तिला.
आईनं बीटचं सूप पाजलं,
केसांतला पाक निघावा म्हणून तीनदा पाणी तापवलं.
नाव विसरले मी.
आई नाही विसरली, पण तिला आता विचारणार कुठं?"

शनिवारी मी तिकिटं फाडून झाल्यावर आत थांबलो,
भिंतीला टेकून, झाडू हातात.
स्वयंपाकघर आलं. नासपती आल्या.
सुरी वर गेली, लोक खुर्चीत पुढं सरकले,
कुणी बोटांच्या फटीतून, कुणी उघड्या तोंडानं.
मी डावीकडे डोळे लावून बसलो.
तिथंच फिल्मवर एक ओरखडा आहे,
तो पाऊस पडल्यासारखा सर्रकन गेला
आणि कोपर हुकलं.

किंचाळी तेवढी ऐकू आली.
तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं.